खोक्यात निघाला हलवा

जपानी खाऊचा या महिन्याचा खोका आज आला. चहा ठेवायच्या आधीच टेप फाडली.

सुरुवातच चुकली. उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट जपानी आलुबुखारची गोळी! आवळासुपारीवर वाढलेल्या जिभेला काय होतंय, असं वाटलं होतं. डोळे गच्च मिटले, एक कानही हलला म्हणे. लेकीने व्हिडिओ काढलाय, तो इथे टाकणार नाही.

बोंतान आमे या मऊ, चिकट गोळीवरचा पारदर्शक पापुद्रा मी पाच मिनिटं नखाने सोलत बसले. तो स्टार्चचा असतो, तोंडात विरघळतो, हे नंतर कळलं. उमाइबो ठीक. मक्याचा कुरकुरीत, पोकळ दांडका, मुलांनी फस्त केला.

तळाशी एक चिमुकली पुडी होती. उघडली तर आई म्हणाली, "अगं, हा तर संक्रांतीचा हलवा!"

हुबेहूब. काटेसुद्धा तसेच. नाव कोम्पेइतो, मूळ शब्द पोर्तुगीज. १५६९ मध्ये लुईश फ्रॉइश या पाद्र्याने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला काचेच्या भांड्यातून हाच नजर केला होता. तिरक्या, तापलेल्या मोठ्या कढईत बारीक दाणे फिरवत वरून थोडाथोडा पाक सोडायचा, तोही जवळजवळ दोन आठवडे! आई शेगडीवर परात ठेवून तिळावर चमच्याने पाक सोडायची, बोटांनी फिरवत राहायची. संक्रांतीपर्यंत बोटं लाल झालेली असायची.

तिने चार दाणे तोंडात टाकले, चघळले.

"काटा बरा आलाय. पण आत तीळ कुठाय?"

उरलेले तिच्या हलव्याच्या डबीत गेले. मला दोनच मिळाले.