गॉज, गेज आणि माझा कापलेला गुण

आठवीत असताना मी उभा राहून इंग्रजीचा धडा वाचला आणि ठणठणीत आवाजात ‘मीटर गॉज’ म्हणालो. चुकलं हे वर्गात कोणालाच कळलं नाही. सर तेवढे हसले. ‘लेकरा, गॉज दवाखान्यात जखमेवर लावतात. तुझा बाप काय रुळाला पट्टी बांधायलाय का?’ वडील पूर्ण्याच्या लोको शेडमध्ये फिटर. घरात ‘गेज’ दिवसातून दहादा ऐकायचो. पण ते गेज म्हणजेच जी-ए-यू-जी-ई, हे त्या दिवशी कळलं.

पुढच्या चाचणीत कानावर भरवसा ठेवून ‘यू’ गाळला. गुण कापला गेला. मी चिडलो, कारण वडिलांच्या पेटीत फट मोजायचं पात्यांचं एक गेज होतं आणि त्यावर ‘यू’ नव्हताच! दुसऱ्या दिवशी ते दप्तरात घालून नेलं. (वडिलांना न विचारता. घरी पुढे काय झालं ते स्मरणिकेत नको.) सरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. ‘अमेरिकेचा माल आहे. तिकडं असंही लिहितात. पण तुझा पेपर मी तपासतो, अमेरिका नाही.’

तास खरा रंगला तो त्यानंतर. लांबीचा मीटर इंग्रजांकडे शेवटी आर-ई, विजेचा मात्र ई-आर. अमेरिकेत दोन्ही ई-आर. म्हणजे आमच्या स्टेशनातल्या एका मीटरगेजची स्पेलिंगं चार! रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर 1000 मिलिमीटर, ब्रॉडगेजचं 1676. पाऊस मोजायचं भांडं, तारेची जाडी, बंदुकीच्या नळीचं माप, सगळीकडे हाच गेज. शेवटी सर म्हणाले, बिन ‘यू’चा एक वेगळाच जुना शब्द आहे, फ्रेंचांकडून आलेला, अर्थ तारण. मॉर्गेजमध्ये तोच बसलाय, ‘मेलेलं तारण’.

‘म्हणजे आमचं वावर,’ मागच्या बाकावरून एकजण बोलला. कोणी हसलं नाही.

नव्वदच्या दशकात आमची लाइन ब्रॉडगेज झाली. मी बँकेत लागलो, कर्जविभागात. सर निवृत्तीनंतर एकदा मोंढ्यात भेटले, हातात भाजीची पिशवी. पाया पडलो आणि म्हणालो, ‘सर, आता रोज बिन यूचंच गेज लिहितो, मॉर्गेजमधलं. माझा तो एक गुण राहिलाय.’

सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ‘आधी यू लाव. मग बघू.’