कार्ड लावलं की बंद

शुक्रवार, रात्री सव्वाबारा

स्वतः जोडलेल्या नव्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरची चित्रं तयार करणारा भाग, काढलं की मशीन चालू होतं. कार्ड लावलं की होत नाही. संध्याकाळी सातपासून एवढंच चाललंय. आता हात थरथरायला लागले म्हणून थांबले.

नेमकं काय होतंय ते आत्ताच लिहून ठेवते, उद्या डोक्यात गोंधळ होईल. बटण दाबलं की एसएमपीएसमधून, म्हणजे सगळ्या भागांना वीज देणाऱ्या डब्यातून, 'टक्' असा आवाज येतो, पंखे अर्धा वळसा घेतात आणि सगळं गप्प. लगेच पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही. मागचा स्विच बंद करून थोडा वेळ थांबलं तरच दुसरा 'टक्' मिळतो. म्हणजे कुठेतरी शॉर्ट होतंय, ते एसएमपीएसला कळतंय आणि तो स्वतःहून पुरवठा तोडतोय.

प्रोसेसर घेताना नावापुढे 'एफ' असलेला थोडा स्वस्त मिळत होता. त्या 'एफ'वाल्यात चित्र दाखवायची सोयच नसते, सगळी भिस्त कार्डावर. मी मुद्दाम बिनएफचा घेतला. आज इतकं तरी कळलं ते त्यामुळेच. कार्ड नसताना मदरबोर्डाच्या, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडतात त्या मुख्य पाटीच्या, एचडीएमआयवर चित्र स्वच्छ येतं, रॅम पूर्ण दिसते, एसएसडी दिसते. म्हणजे दोष कार्डातच.

हे वाक्य लिहिताना पोटात गोळा आला. सगळ्या सामानाच्या जवळजवळ निम्मे पैसे त्या एका वस्तूचे. दीड वर्ष लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करून जमवलेले.

आणि मंडळाचं काम अंगावर आहे. यंदाच्या देखाव्याचं मिनिटभराचं फिरतं दृश्य त्यांना दाखवायचंय. सेकंदाला २४ चित्रं धरली तर १,४४० चित्रं. जुन्या लॅपटॉपवर एक चित्र तयार व्हायला पाऊण तास लागतो. गुणाकार केला, ४५ दिवस आले. तोवर गणपती मखरात बसलेले असतील.

शनिवार, रात्री

सकाळी उठल्या उठल्या वायरी तपासल्या. एसएमपीएसमधून आठ पिनांच्या दोन तऱ्हेच्या वायरी निघतात आणि घाईत त्या एकसारख्याच वाटतात. प्रोसेसरची चार-चार अशी फुटते, कार्डाची सहा-दोन अशी. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या बाजू उलट असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी जोर करून घुसवली तर सरळ शॉर्ट. माझ्या बरोबर होत्या. ताकदही कमी पडत नव्हती. स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत, आठ पिनांच्या वायरीतून १५० पर्यंत, आणि कार्डाची भूक २०० च्या आसपास. एसएमपीएस ६५० चा. खोडरबरने कार्डाचे सोनेरी दात पुसले. बायोसचा, म्हणजे बोर्डाच्या सुरुवातीच्या सेटिंग्ज राखणारा, नाण्याएवढा सेल काढून पाच मिनिटांनी परत घातला. फरक शून्य.

मग एक विचित्र गोष्ट झाली. वायरी नीट दिसाव्यात म्हणून कॅबिनेट आडवं पाडलं, कार्ड लावलं, बटण दाबलं आणि चालू झालं! कार्डाचे पंखे फिरले, स्क्रीनवर चित्र आलं. मी ओरडलेच. बाबा आतून विचारत आले, "झालं का गं?" आनंदात कॅबिनेट उभं केलं. टक्. बंद.

मी अर्थ काढला की कार्डाच्या आतच काहीतरी सुटलंय, उभं केलं की त्याचा संपर्क तुटतो. रविवारी बाजार बंद, म्हणून कार्ड परत खोक्यात घातलं, त्यावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि निघाले. विक्रोळीहून स्लो लोकल, दादरला पूल ओलांडून वेस्टर्नला, ग्रँट रोड. पाऊस असा की खोकं पोटाशी धरून चालत होते. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहून कितीतरी वर्षं झाली, तरी स्टेशनबाहेर कुणालाही विचारा, तो लॅमिंग्टन रोडच म्हणतो. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. चार वर्षं कारभार आणि शंभराहून अधिक वर्षं लोकांच्या तोंडी नाव. रस्त्याच्या नावांचं मला नेहमीच नवल वाटतं.

दुकानातल्या दादांनी काही विचारलं नाही. टेबलावर मदरबोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरच एक बोर्ड उघडा ठेवलेला होता, कॅबिनेट वगैरे काही नाही. त्यात माझं कार्ड लावलं, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने चालू करायच्या बटणाच्या दोन पिना जोडल्या आणि मशीन सुरू. वीस मिनिटं त्यावर भार टाकून दाखवला. "कार्ड टकाटक आहे ताई. एसएमपीएस बदलून बघा." पैसे घेतले नाहीत.

कार्ड चांगलं आहे हे कळल्यावर मला तिथेच रडू येईल असं वाटलं. परतीच्या गाडीत मात्र वेगळीच चिंता. आता एसएमपीएस, की बोर्ड?

रविवार, मध्यरात्र उलटून गेली

आजचं सगळं सावकाश लिहायचंय.

बाबा निवृत्त वायरमन. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध रेल्वेचं तिकीट काढण्यापुरता, म्हणून दोन दिवस मी त्यांना काही नीट सांगितलंच नव्हतं. दुपारी जेवणं झाल्यावर ते स्टूल घेऊन शेजारी बसले. म्हणाले, "मला पहिल्यापासून सांग. नावं नकोत, काय केल्यावर काय होतं तेवढं सांग."

मी सांगितलं. आडवं-उभंचा प्रकार ऐकल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"उभं केल्यावर ते जड कार्ड कुठं लटकतं?"

"बोर्डावरच. मागच्या पत्र्याला दोन स्क्रू आहेत, पण बाकी वजन स्लॉटवर."

मग त्यांनी त्यांच्या नोकरीतली एक तक्रार सांगितली. परळच्या एका घरात नुसता दिवा, पंखा, सगळं ठीक चालायचं. इस्त्रीचा जाड प्लग खोचला की ब्रेकर पडायचा. घरच्यांनी तीन इस्त्र्या बदलल्या. बाबांनी भिंतीतला बोर्ड उघडला, तर मागे वायरीचं एक टोक उघडं राहिलेलं. प्लग दाबला की प्लेट आत वाकायची आणि ते टोक लोखंडी पेटीला लागायचं. "इस्त्रीचा काय दोष? ती फक्त दाबत होती. तुझ्या त्या बोर्डाच्या मागं काय आहे?"

मागे काय आहे हे मी शुक्रवारपासून एकदाही पाहिलं नव्हतं.

तरी आधी दुकानातल्यासारखं करून बघितलं. बोर्ड कॅबिनेटमधून काढला, त्याच्याच खोक्यावर ठेवला, तोच एसएमपीएस, तेच कार्ड. स्क्रूड्रायव्हरने दोन पिना जोडल्या. चालू. दहा वेळा बंद-चालू केलं, दहाही वेळा चालू. म्हणजे बोर्ड चांगला, एसएमपीएस चांगला, कार्ड चांगलं, आणि तरी तिन्ही मिळून त्या पेटीत चालत नव्हते.

मग रिकाम्या कॅबिनेटमध्ये बॅटरी मारली आणि मोजलं. बोर्डाला नऊ भोकं, मी लावलेले स्क्रू नऊ. मागच्या पत्र्यावर, बोर्ड ज्यांच्यावर टेकून स्क्रूने बसतो त्या पितळी खुंट्या अकरा.

कॅबिनेट मावसभावाने दिलेलं. तो पुण्याला गेला तेव्हा म्हणाला, घेऊन जा, धूळ खात पडलंय. त्याचा बोर्ड मायक्रो एटीएक्स या छोट्या मापाचा, जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर लांबीचा. माझा पूर्ण एटीएक्स, ३०५ चा. त्याच्या बोर्डाची खालची कड जिथे संपायची तिथे दोन खुंट्या होत्या. माझा बोर्ड त्याहून खाली जातो, म्हणून मी खालच्या रांगेच्या नव्या खुंट्या बसवल्या आणि त्या जुन्या दोन तशाच ठेवल्या. तेव्हा मनात आलेलं आठवतंय, असू देत, आधारच होईल.

त्या दोन खुंट्या माझ्या बोर्डाच्या कडेपासून बऱ्याच आत, कार्डाच्या स्लॉटच्या खाली. तिथे भोक नाही, नुसती सोल्डरची टोकं. कार्ड नसताना बोर्ड त्यांच्यापासून केसभर वर राहायचा. कॅबिनेट उभं करून कार्ड लावलं की कार्डाचं पुढचं टोक खाली झुकतं, स्लॉटची वरची कड बाहेर ओढली जाते आणि खालची कड बोर्डाला आत रेटते. तेवढ्याने सोल्डर खुंटीला लागायचं. खुंटी म्हणजे कॅबिनेट, कॅबिनेट म्हणजे ग्राउंड. आडवं केल्यावर तो रेटा सुटायचा.

बोर्ड उलटा करून खिडकीपाशी नेला. एका सोल्डरच्या टोकावर पिवळट ओरखडा होता, तांदळाच्या कणीएवढा. बाबांनी चष्मा वर करून तो डोळ्याजवळ धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

त्या एसएमपीएसबद्दल मला फार वाटतंय. तीन दिवसांत मी किमान चाळीस वेळा बटण दाबलं असेल आणि प्रत्येक वेळी त्याने निमिषात पुरवठा तोडला. मी त्याला बदलायला निघाले होते.

खुंट्या नोज प्लायरने काढल्या. एक सहज निघाली, दुसरी गंजून बसलेली, बाबांनी काढून दिली. बोर्ड परत बसवला, नऊ खुंट्या, नऊ स्क्रू, प्रत्येक मोठ्याने मोजला. कार्ड लावलं. कॅबिनेट उभं केलं. बटण मी बाबांना दाबायला सांगितलं.

साडेनऊ वाजता कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, चढले. देखाव्याच्या दरबाराचं पहिलं चित्र ५८ सेकंदांत आलं. मी घड्याळ लावून तीनदा पाहिलं. या हिशेबाने १,४४० चित्रांना २३ तासांच्या वर थोडे.

सोमवार, सकाळी

रात्रभर चालू ठेवलं होतं. सकाळी उठून बघते तर ४०० च्या पुढे गेलंय. खोली गरम झालीय, खिडकी उघडली तर पाऊस आत येतो, म्हणून टेबलच भिंतीकडे सरकवलं.

मावसभावाला फोन केला. तो बिचारा माफी मागायला लागला. त्याला म्हटलं, अरे दादा, कॅबिनेट तू प्रेमाने दिलंस, मोजायचं काम माझं होतं.

दोन्ही खुंट्या बाबांनी त्यांच्या टेस्टरच्या डबीत ठेवल्यात. आता मंडळात फोन करायला हवा. दरबाराच्या खांबांचा रंग त्यांनी अजून कळवलेला नाही.