खामगावचा होकार, अहमदाबादचा करार

22 जुलै 1959 रोजी अहमदाबादच्या एका व्यापारी पेढीने खामगावच्या केडिया जिनिंग कारखान्याशी दूरध्वनीवरून सरकी पेंडीचा सौदा ठरवला. पेंड मिळाली नाही, म्हणून पेढीने अहमदाबादच्या दिवाणी न्यायालयात 31,150 रुपयांचा दावा लावला. त्यावर कारखान्याचे म्हणणे असे की, मागणी अहमदाबादहून आली असली तरी होकार आम्ही खामगावात बसून दिला, तेव्हा करार खामगावात झाला आणि दावाही तिकडेच चालायला हवा.

1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार एकाने प्रस्ताव मांडावा आणि दुसऱ्याने तो जसाच्या तसा, कोणतीही अट न जोडता स्वीकारावा, तेव्हा करार होतो. ‘घेतो, पण भाव थोडा कमी करा’ हे उत्तर स्वीकृती ठरत नाही. तो नवा प्रस्ताव असतो. हे सरळ आहे. अवघड आहे ते कलम 4. स्वीकृती पाठवणाऱ्याच्या हातून कायमची सुटली, म्हणजे पत्र टपालात पडले, की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. स्वीकारणारा मात्र ते पत्र समोरच्याला कळेपर्यंत मोकळा असतो आणि तोवर त्याला होकार मागेही घेता येतो.

दूरध्वनीवरच्या शब्दाला हाच नियम लावायचा का? सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली बहुमताने नाही म्हटले. दूरध्वनीवर बोलणारे एका अर्थी समोरासमोरच असतात, म्हणून होकार जिथे ऐकू आला तिथे, म्हणजे अहमदाबादला, करार झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळे मत नोंदवले: कलम 4 च्या शब्दांत दूरध्वनीसाठी अपवाद नाही, आणि खामगावात उच्चारलेला शब्द उच्चारताक्षणीच बोलणाऱ्याच्या हातून सुटला होता.

कलमाचा निव्वळ मजकूर वाचला तर मला हिदायतुल्लांचे म्हणणे अधिक पटते. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र बहुमत योग्य वाटते, कारण पत्र वाटेत हरवले तर पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, पण बोलता बोलता लाइन तुटली तर ते तत्काळ कळते आणि होकार पुन्हा सांगता येतो.

दावा कुठे चालवायचा एवढेच ठरवण्यासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. पेंड का दिली नाही, याची चौकशी त्यानंतर अहमदाबादला व्हायची होती.