मेस बंदचा अर्ज

डिसेंबरातल्या एका शनिवारी आमच्या माजी विद्यार्थी संघाच्या निवड समितीनं गुणवत्ता यादीत पहिल्या असलेल्या मुलीला शिष्यवृत्ती नाकारली. नाकारताना कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. म्हणूनच तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

मी सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. सरकारी शिष्यवृत्त्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून होतात, आणि त्यातला निम्मा वेळ पोरांचं बँक खातं आधारला जोडलंय का, हे बघण्यात जातो. माजी विद्यार्थ्यांच्या निधीचं काम मला आवडतं. तिथं अर्ज कागदावर येतो आणि छाननी माझ्या हातात असते.

उत्पन्नाचा दाखला एकटा कधी वाचू नये. तलाठ्याच्या अहवालावर तो निघतो, आणि बागायतदाराच्या दाखल्यावरही साठ-सत्तर हजारांचा आकडा मी पाहिलाय. म्हणून मी सातबारा आणि आठ-अ दोन्ही मागते. आठ-अवर त्या खात्याची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. सातबाऱ्यावर पिकांची नोंद बघायची, द्राक्ष आहे की बाजरी. पाण्याचं साधन बघायचं. मग इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा किती आणि कधीपासूनचा, ते बघायचं. रेशनकार्डाच्या रंगाला मी फार किंमत देत नाही. आत खाणारी तोंडं किती आणि कमावती किती, हे मोजते. समितीतली बरीच मंडळी मुलाच्या अंगावरचे कपडे आणि हातातला मोबाईल बघून गरज ठरवतात. मला ते पटत नाही. बरा मोबाईल बहुतेकदा मामानं किंवा थोरल्या भावानं दिलेला असतो.

ही मुलगी जत तालुक्याच्या पूर्व टोकाची, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावातली. घरात कानडी, शाळा मराठी. सातबारा कोरडवाहू, बोजा जुना. सीईटीला ९८ च्या वर पर्सेंटाइल, तेही क्लास न लावता. एवढं कुठल्याही समितीला पुरेसं वाटावं. पण छाननीत मला आणखी एक गोष्ट सापडली.

आमच्या मुलींच्या वसतिगृहात मेस सक्तीची आहे. महिन्याला ३,२०० रुपये. गावी जायचं असेल तर आधी मेस बंदचा अर्ज द्यायचा, मग तेवढ्या दिवसांची वजावट मिळते. तिचे असे अर्ज ऑक्टोबरापासून लागोपाठ होते. कारणं साधी: घरी कार्यक्रम, आजी आजारी, गावची जत्रा. ते अर्ज बिलाच्या फाइलला लागतात. रात्रीच्या हजेरीचं रजिस्टर वॉर्डन मॅडमकडे असतं. या दोन गोष्टी कुणी कधी एकत्र बघत नाही. मी बघितल्या. मेस बंद असलेल्या जवळजवळ प्रत्येक रात्री हजेरीत तिची सही होती.

म्हणजे ती गावी जातच नव्हती. वॉर्डन मॅडमनी हळूच चौकशी केली. घरून एसटीनं डबा येतो, कंडक्टरच्या ओळखीवर. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. त्या भागात ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते. त्यावर एक वेळ, आणि दुसऱ्या वेळी मैत्रिणीबरोबर एक डबा दोघींत. मी छाननी तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात हे दोन ओळींत लिहिलं. खाली रेघ मारली.

बैठकीला पुण्या-मुंबईहून मंडळी आली होती, स्वतःच्या खर्चानं. हे मी आदरानं सांगते. प्रत्येकाला बोलावून दहा मिनिटं विचारत होते. तिला अध्यक्षांनी विचारलं, ‘‘फी किती भरलीस बाळ?’’

‘‘फी माफ आहे सर.’’

ते खरं होतं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय. आधी ते निम्मं माफ होतं. हा निर्णय मोठा आहे. माझ्या टेबलासमोर उभे राहून डोळे पुसणारे बाप मी पाहिलेत. पण माफी वर्गापर्यंतची आहे. खोली, मेस, वह्या, ड्रॉइंगचं सामान, जाण्यायेण्याची तिकिटं माफीत नाहीत. निर्वाह भत्त्याच्या सरकारी योजना आहेत, मी तिचा तो अर्जही भरलाय. तो पैसा पडताळण्या होऊन खात्यात येईपर्यंत शैक्षणिक वर्ष संपत आलेलं असतं.

ती बाहेर गेल्यावर एक साहेब म्हणाले, ‘‘हिला सरकारनं आधीच दिलंय. दुहेरी लाभ कशाला?’’ मग निधीची नियमावली निघाली. तिच्यात लिहिलंय: शिक्षण शुल्कापोटी. मी शेऱ्याच्या रकान्याकडे बोट दाखवलं. अध्यक्षांनी वाचलं, त्यांचा चेहरा उतरला. पण दुसरे म्हणाले, ‘‘पहिल्या सेमिस्टरचा निकाल बघू. चांगला आला तर पुढच्या वर्षी पहिला हक्क तिचा.’’ यावर सगळ्यांचं एकमत झालं.

शिष्यवृत्ती मिळाली ती मार्केट यार्डातल्या एका हमालाच्या मुलाला. त्याची निम्मी फी खरोखर भरायची होती आणि मुलगा हुशार आहे. त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तो सांगलीतच राहतो, संध्याकाळी घरी जाऊन जेवतो, एवढंच.

निकाल बघू, हे वाक्य मी इतिवृत्तात लिहिलं तेव्हापासून मला टोचतंय. जे सहा महिने तिला मदतीची गरज आहे, तेच सहा महिने तिनं मदतीशिवाय काढून पात्रता सिद्ध करायची. ही कसली परीक्षा?

नियमावलीला दोष देणं सोपं आहे, पण तिलाही कारण आहे. १९८३ साली वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि फी हीच गरीब पोरांपुढची भिंत झाली. आमचा निधी त्या काळानंतरचा. देणगीदारांनी समोर दिसली त्या भिंतीसाठी पैसे दिले. रक्कम कायम ठेवीत, फक्त व्याज वापरायचं. त्या वेळी ठेवीवर बारा टक्के मिळायचे, आता साताच्या आसपास. त्यामुळं आहे ते व्याजही मोजून-मापून द्यावं लागतं. हे सगळं मला कळतं.

पण आपण सातारा-सांगलीची माणसं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलं ते वसतिगृह होतं. पोराच्या पोटाची आणि झोपायची सोय झाली की शाळा तो गाठतोच, हे त्यांनी ओळखलं होतं. त्या पोरांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. आमच्या समितीतले दोघे कर्मवीरांच्याच रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात वाढलेत, भाषणात आवर्जून सांगतात. त्यांनी तरी ‘हिला आधीच मिळालंय’ ऐकून गप्प बसायला नको होतं.

निकाल फेब्रुवारीत लागला. सगळे विषय सुटले, एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची दहापैकी सरासरी, ६.९. नियमावलीत पुढच्या वर्षासाठी ७.५ लागतात. म्हणजे इतिवृत्तातला तो पहिला हक्कही गेला. तिला बोलावून सांगितलं तर म्हणाली, ‘‘मॅथ्सच्या पेपराला जरा गरगरलं मॅडम. पुढच्या वेळी काढते.’’ मेसचा विषय मी काढल्यावर तिनं मान खाली घातली आणि आजीच्या तब्येतीचं सांगू लागली. मी तो विषय तिच्यासमोर पुन्हा काढलेला नाही.

मी प्राचार्यांकडे टिप्पणी ठेवलीय. शिक्षण शुल्काच्या पुढं ‘वसतिगृह व भोजन खर्चासह’ एवढे शब्द घालावेत, आणि पहिल्या वर्षाची रक्कम निकालाची वाट न बघता सप्टेंबरातच थेट मेसच्या खात्यात जमा करावी. ऑडिटर म्हणतात, देणगीदारांची लेखी संमती लागेल. त्यामुळं जुनी देणगीपत्रं काढून फोन लावतेय. काही देणगीदार आता हयात नाहीत, मग मुला-सुनांना समजावून सांगावं लागतं. बहुतेकांनी दोन मिनिटांत होकार दिला. एका काकांनी तर उलट विचारलं, ‘‘फी माफ झाली हे आम्हाला कुणी कळवलं का नाही?’’

अध्यक्षांनाही फोन केला. ‘‘नियमात बसवून आणा, मी सही करतो,’’ म्हणाले. पुढची बैठक जूनमध्ये आहे. तोवर मार्च, एप्रिल आणि मेची बिलं वॉर्डन मॅडम थकबाकीत दाखवणार आहेत आणि तिची मेस चालू ठेवणार आहेत. मेसवाल्याला मी जूनचा शब्द दिलाय.