मॅडम, शाळा बंद होऊन राहिली का?

मी पूर्व नागपुरातल्या महापालिकेच्या एका मराठी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. आमच्या पालकांतले काही कळमना मार्केटात हमाली करतात. बऱ्याच आया तिथेच मिरचीचे देठ खुडायला जातात. कुणी बांधकामावर, कुणी ई-रिक्षा चालवतं. छत्तीसगडहून, बालाघाटहून आलेली घरं पुष्कळ. गणवेश, दाखला, खिचडी यांबद्दल त्यांचे प्रश्न असतातच, पण गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न वर शीर्षकात आहे.

माझं ठाम मत झालं आहे की शाळा आदेशाने बंद पडायच्या आधी अफवेने बंद पडते. ते कसं, हे सांगते. मे महिन्यात वस्तीत कुणीतरी बोलून जातं की या शाळेचं यंदाचं शेवटचं वर्ष. दोन घरं घाबरून मुलं काढतात. त्यांची धाकटी भावंडंही मग आपल्याकडे येत नाहीत. ३० सप्टेंबरला पट मोजला जातो, त्यावर संच मान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. पट घसरला की एक पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातात. दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात. ते पाहून बाकीचे पालक म्हणतात, 'पहा, आम्ही म्हणत होतो ना.' मे महिन्यात जे खोटं होतं ते दोन-तीन वर्षांत खरं होऊन बसतं, आणि मध्ये एकही माणूस वाईट हेतूने वागलेला नसतो.

म्हणून माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे बातमी अफवेच्या आधी पालकांपर्यंत पोचवणं. फाटकाशी एक फळा आहे. दर सोमवारी त्यावर मी स्वतः लिहिते: काय ठरलं आहे, काय अजून ठरलेलं नाही, आणि कुणाला विचारायचं. दुसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा. 'अजून ठरलेलं नाही' असं मुख्याध्यापिकेने स्वतःच्या अक्षरात लिहिलं की लोक शांत होतात, हा माझा अनुभव आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलं वाचून दाखवतात. चौथीतल्या मुलींना तर त्या कामाचा फार अभिमान आहे.

२०२४ चा उन्हाळा मला विशेष आठवतो. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला राज्याने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांतून सूट मिळाली. आमच्या वस्तीत अनेकांचा जीव त्या जागांत अडकलेला. लेकराला इंग्रजी शाळेत घालायचं स्वप्न होतं, ते एकदम पुसलं गेलं. ती माणसं आमच्याकडे चौकशीला येऊ लागली. मग मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्दच केला. तोवर आमचे वर्ग सुरू होऊन गेले होते.

शाळेतल्या एकदोघांना वाटत होतं की आलेली मुलं हातची जाऊ देऊ नये, दाखल्याला थोडा वेळ लावावा. मला ते पटलं नाही. आरटीई कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की मागितल्यावर मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा. पण कायदा बाजूला ठेवला तरी, बापाने लेकरासाठी बघितलेल्या वाटेत मी उभी राहू शकत नाही. मी प्रवेश घेतानाच प्रत्येकाला सांगितलं: 'आज इथं नाव टाका, मुलगा घरी बसू देऊ नका. तिकडे नंबर लागला तर त्याच दिवशी टीसी देईन.' काही गेले. जे राहिले ते अडकून राहिले नाहीत, आणि त्यातल्याच एका आईने पुढच्या वर्षी तिच्या चाळीतली तीन लेकरं आणून सोडली. दाखला अडवून धरलेला पट ३० सप्टेंबरला कागदावर चांगला दिसतो, पण वस्तीत शाळेचं नाव जातं.

कागदावरून आठवलं. संच मान्यतेत आता आधार जुळलेलीच मुलं मोजली जातात. वर्गात मूल रोज बसतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं, पण जन्मदाखल्यावर 'दुर्गेश' आणि आधारवर 'दुर्गेस' असेल तर ते मोजणीत नसतं. कामासाठी गाव बदलणाऱ्या घरांत हे फार होतं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलल्यापासून तर एकेका नावावर शिक्षकाचं पद टिकतं किंवा जातं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही दुपारनंतर एक टेबल फक्त यासाठीच लावतो. आई-बापाला रोजी बुडवून आधार केंद्रावर दोनदा जावं लागू नये म्हणून कोणते कागद न्यायचे ते आधीच लिहून देतो. हे शिकवण्याचं काम नाही असं कुणी म्हणेल. माझ्या मते हे न केल्यास शिकवायला शिक्षकच उरणार नाही.

भाषेचा गोंधळही असाच. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीचा निर्णय आला, १७ जूनला त्यात बदल झाला, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे ऐन प्रवेशाच्या आठवड्यात हे चाललेलं. शिक्षक विचारत होते, वेळापत्रक कसं लावू? मी सांगितलं, पहिलीच्या वर्गात पहिले काही आठवडे गोष्टी, गाणी, बोलणं, एवढंच. आमची निम्मी लेकरं घरी छत्तीसगढी बोलतात, रस्त्यावर हिंदी, आणि मराठी पहिल्यांदा आमच्या वर्गात ऐकतात. त्यांना कान तयार व्हायला वेळ हवा असतो, मुंबईत काहीही ठरो.

मार्च २०२५ मध्ये शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली तेव्हा फाटकावरच्या फळ्याचा उपयोग नव्हता. तेव्हा कामी आली ती माता पालक गटांची साखळी. प्रत्येक गल्लीत एक आई, तिच्याकडे आठ-दहा घरांचे फोन. मी रोज एकच निरोप द्यायचे: शाळा कधी उघडणार हे आदेश आल्यावर कळवू, परीक्षा कुणाचीही बुडणार नाही, घरात धान्य नसेल तर सांगा. ही साखळी कोरोनात तयार झाली होती. शिजवलेला आहार बंद होऊन कोरडा तांदूळ आणि डाळ वाटली जायची, तेव्हा आम्ही शिक्षक प्रत्येक पालकाला समोरासमोर भेटलो. शाळेच्या आत कधी न आलेले बाप त्या रांगेत भेटले. लोकांना वाटतं ती दोन वर्षं शाळा बंद होती. वर्ग बंद होते, आणि त्याचं नुकसान आम्ही अजून भरून काढतो आहोत, पण वस्तीशी नातं तेव्हाच घट्ट झालं.

आता सर्वांत अवघड विषय, माझे शिक्षक. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं शिकवलेली, पन्नाशीला आलेली माणसं पुन्हा परीक्षेला बसणार. त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कुणी डबा धड उघडला नाही. एक बाई, ज्यांच्या हाताखाली वस्तीतली निम्मी पोरं वाचायला शिकली, त्या मला म्हणाल्या, 'मॅडम, मी नापास झाले तर पोरांना काय सांगू?'

मी त्यांना धीराचे शब्द दिले नाहीत, कारण निकाल काय लागेल ते माझ्या हातात नाही. दोन गोष्टी माझ्या हातात होत्या. शाळा सुटल्यावर तासभर सगळ्यांनी मिळून अभ्यास करायचा. दीडशे प्रश्नांपैकी तीस बालमानसशास्त्राचे, तीस गणिताचे, ज्याला जे येतं त्याने ते बाकीच्यांना शिकवायचं. आणि वर्गाच्या वेळेत टीईटीचं पुस्तक उघडायचं नाही. दुसरी अट मोडली तर मी बोलेन, हे स्पष्ट सांगितलं. ती कठोर होती, पण मुलांच्या हक्काचा तास शिक्षकाच्या भीतीने खाल्ला तर तो परत कुठून आणणार? २३ नोव्हेंबरला आमच्यातले काही परीक्षेला बसून आले. दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर वर्गात होते.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. पालकांचा प्रत्येक प्रश्न, नालीचा सुद्धा, शाळेच्या फाटकाशी यायचा. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष मार्केटात काम करणाऱ्या एक आई आहेत. कायद्याने समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात, आणि आमच्या स्त्रिया नुसत्या सहीपुरत्या येत नाहीत. प्रभागातल्या नगरसेवकांना बैठकीला बोलवायचं त्यांनीच ठरवलं. विषयपत्रिकाही त्यांचीच: एप्रिलच्या उन्हात वर्गांना कूलर, संध्याकाळी फाटकापुढे उजेड, आणि तिसरा विषय असा की शाळा चालूच राहणार हे प्रभागात जाहीर बोलून दाखवावं. तिसरा विषय पहिला घ्या, एवढीच दुरुस्ती मी सुचवली आहे.