पलीकडच्या खोलीतली पावले

हॉरर गेममधला शत्रू भीतीदायक कशामुळे ठरतो, असे विचारले की बहुतेक जण आधी त्याच्या रूपाबद्दल बोलतात. फाटलेला जबडा, नको तिथे फुटलेले हातपाय, डोळ्यांच्या जागी खोबण्या. अनेक वर्षे हे खेळ मनापासून खेळल्यावर मला असे वाटू लागले आहे की भीतीत रूपाचा वाटा फार थोडा असतो. कितीही किळसवाणा चेहरा असला तरी चौथ्या-पाचव्या भेटीत तो नजरेच्या सवयीचा होतो. शत्रू जवळपास आहे हे पक्के ठाऊक असावे आणि पुढच्या क्षणी तो काय करील हे मात्र ठाऊक नसावे, या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते तिथेच खरी भीती राहते.

२०१९ मध्ये नव्याने आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल २’ मधला मिस्टर एक्स हे याचे मला सर्वांत जवळचे उदाहरण वाटते. दिसायला तो लांब कोट आणि टोपी घातलेला एक अवाढव्य माणूस आहे. चित्रात पाहिला तर फारसे काही वाटणार नाही. गोळ्या घालून तो मरत नाही, फार तर थोडा वेळ गुडघ्यावर बसतो. मात्र पोलीस ठाण्याच्या इमारतीत त्याचा वावर सुरू झाला की त्याच्या बुटांचा आवाज भिंतींपलीकडून ऐकू येऊ लागतो. ग्रंथालयात पुस्तकांची कपाटे सरकवून वाट तयार करायची असते, ते काम करताना मी एकदा मध्येच थांबलो, कारण पावले जवळ येत होती. ती एका जागी थांबली. कुठलेसे दार उघडल्याचा आवाज आला आणि मग पावले पुन्हा सुरू झाली, पण आता ती जवळ येत होती की लांब जात होती हे मला ठरवता येईना. पडद्यावर कपाटे आणि दिव्याचा पिवळा उजेड याखेरीज काहीही नव्हते, तरी कंट्रोलरवरची माझी बोटे आखडली होती. त्या संपूर्ण खेळात मला तो प्रत्यक्ष दिसल्यावर इतकी भीती क्वचितच वाटली असेल.

आवाजाचे हे सामर्थ्य १९९९ च्या ‘सायलेंट हिल’ मध्येच ओळखले गेले होते. नायकाजवळच्या रेडिओतून शत्रू जवळ आला की खरखर सुरू होते. वरवर पाहता ही खेळाडूला केलेली मदतच आहे, परंतु ती अर्धवट मदत आहे. काहीतरी आले आहे एवढेच ती सांगते, आणि धुक्यामुळे चार पावलांपुढचे दिसत नसल्याने उरलेले सारे खेळाडूच्या कल्पनेवर सोडलेले असते.

‘एलियन: आयसोलेशन’ (२०१४) या खेळाने ही अर्धवट माहिती शत्रूच्या बुद्धीतच पेरली, आणि म्हणून त्याबद्दल मला विशेष आदर आहे. त्यातल्या परग्रहावरच्या प्राण्याला चालवणारी यंत्रणा दोन थरांची आहे. वरच्या थराला खेळाडू कुठे आहे हे कायम माहीत असते आणि तो प्राण्याला साधारण कोणत्या भागात शोधायचे एवढेच सुचवतो; प्रत्यक्ष प्राण्याला मात्र स्वतःच्या डोळ्यांनी आणि कानांनीच खेळाडूला हुडकावे लागते. त्यामुळे तो नेहमी आसपास घुटमळतो, पण त्याने फसवून गाठले असे वाटत नाही. सापडलो तर आपण पळालो म्हणून, वस्तू पाडली म्हणून किंवा हातातल्या मोशन ट्रॅकरची, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या यंत्राची, टिकटिक त्याच्या कानी गेली म्हणून सापडलो, अशी खात्री पटते. तो ट्रॅकरसुद्धा हालचाल दाखवतो, पण ती आपल्याच मजल्यावर आहे की डोक्यावरच्या हवेच्या नळीत, हे सांगत नाही. लॉकरमध्ये लपून श्वास रोखून धरलेला असताना फटीतून त्याची लांबलचक शेपटी सरकत जाताना पाहणे हा माझ्या आठवणीतला अतिशय दीर्घ असा क्षण आहे, जरी घड्याळाने मोजला तर तो काही सेकंदांपलीकडे जाणार नाही.

शत्रू मुळीच न दाखवताही हे साधते, याचा पुरावा ‘अम्नेशिया: द डार्क डिसेंट’ (२०१०) मधल्या पाणी साचलेल्या तळघरात मिळतो. तिथला शत्रू अदृश्य आहे. तो चालला की पाण्यावर शिंतोडे उडतात, एवढीच त्याची खूण. पाण्याबाहेर पेट्यांवर उभे राहावे, हाताशी येईल ते दूर फेकून त्याचे लक्ष तिकडे वळवावे आणि मग पुढच्या पेटीकडे धाव घ्यावी, इतकीच साधने आपल्याजवळ असतात. शिंतोडे थांबले की सुटकेचा निःश्वास टाकावा, की तो अगदी शेजारी स्तब्ध उभा आहे असे समजावे, हे कळायला मार्ग नसतो.

अचानक किंचाळत अंगावर येणाऱ्या शत्रूंबद्दल फार लिहिण्याची इच्छा नाही. ते दचकवतात, आणि दचकणे ओसरले की मागे काहीच उरत नाही.

भीतीचा खरा घात मात्र वारंवार मरण्याने होतो. एका खेळात एकाच दालनात मी सात वेळा मेलो. तिसऱ्या खेपेपर्यंत छातीत धडधड होती. पाचव्या खेपेला मी त्या शत्रूच्या फेऱ्या मोजू लागलो होतो, आणि सातव्या वेळी तो माझ्या लेखी ठरावीक वेळी ठरावीक कोपऱ्यावर वळणारी एक वस्तू होऊन बसला होता. मला त्याचे मनापासून वाईट वाटले, कारण तो शत्रू फार विचारपूर्वक घडवलेला होता. मृत्यूची किंमत जबर असावी, पण मृत्यूचा प्रसंग विरळा असावा, आणि निसटता बचाव वारंवार घडावा, हे जुळवणे मला या खेळांच्या रचनेतले सर्वांत अवघड काम वाटते.

पहिल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या २००२ मधील नव्या आवृत्तीत यावर एक विलक्षण तोड सापडते. तिथे मारून टाकलेला झोंबी तसाच सोडला, तर काही काळाने तो लाल होऊन, नख्या वाढवून आणि पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने उठतो. डोके उडाले असेल किंवा प्रेत जाळले असेल तरच तो धोका टळतो, आणि जाळण्यासाठी लागणारे रॉकेल मोजकेच मिळते. म्हणजे एखाद्या शत्रूला हरवल्यावरही त्याच्याविषयीचा निर्णय बाकी राहतो, आणि त्या निर्णयाची आठवण आपल्यालाच ठेवावी लागते. जेवणाच्या दालनाबाहेरच्या अरुंद वाटेत मी एक प्रेत न जाळता सोडले होते. पुढे किल्ली घेऊन त्याच वाटेने परतायची वेळ आली, तेव्हा बाटलीत रॉकेल शिल्लक नव्हते. दारापाशी येऊन मी बराच वेळ नुसता उभा राहिलो, पलीकडून काही हालचाल ऐकू येते का याचा कानोसा घेत.