बारावा शब्द अंगठ्याखाली

चोरीचा सीन लिहायला बसलो आणि पहिल्याच दिवशी कळलं, की या चोरीत बघण्यासारखं काही नाही. तिजोरी नाही, फुटणारी काच नाही, कुणी धावत नाही. एक माणूस खुर्चीत बसून काहीतरी टाइप करतो, एंटर दाबतो, की झालं. क्रिप्टोचोरीवर छोटा क्राइम थ्रिलर करायचं मी ठरवलं ते याच हिशेबाने: दोन खोल्या, तीन नट, दोन लॅपटॉप. खर्चाचा अंदाज बरोबर निघाला. बाकी सगळेच चुकले.

पहिला खर्डा 'पैसे गेले कुठे?' या प्रश्नावर उभा होता. वॉलेटच्या, म्हणजे नाण्यांच्या चाव्या सांभाळणाऱ्या, सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या एका मित्राला वाचायला दिला. सातव्या पानावर तो थांबला. "तुझा इन्स्पेक्टर पैसे शोधतोय कशाला? ते तर सगळ्या जगाला दिसतायत."

हे मला ऐकून माहीत होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. बिटकॉइनची वही, म्हणजे ब्लॉकचेन, उघडी असते. कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर किती गेले, हे कुणीही बघावं. पत्त्यामागचा माणूस तेवढा दिसत नाही. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. अटक झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये, आणि तेव्हा ९४,००० हून जास्त नाणी परत हाती लागली, कारण त्यांच्या चाव्या, म्हणजे ती नाणी खर्च करू देणारे गुप्त आकडे, चोराने क्लाउडवरच्या एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवल्या होत्या. मधली साडेपाच वर्षं त्यातला मोठा हिस्सा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नुसता पडून होता. म्हणजे चोरी सोपी, पचवणं अवघड. माझा खर्डा उलटा होता.

त्याच मित्राने सिल्क रोड या इंटरनेटवरच्या काळ्या बाजाराचा किस्सा सांगितला. २०१२ मध्ये त्या बाजारातून पन्नास हजारांवर बिटकॉइन उडवणाऱ्याच्या घरी नोव्हेंबर २०२१ मध्ये झडती झाली. बाथरूमच्या कपाटात पॉपकॉर्नचा डबा, डब्यात ब्लँकेट्स आणि त्यांच्याखाली एक चिमुकला सर्किट बोर्डचा कॉम्प्युटर. चाव्या त्यात! हे मी पटकथेत लिहिलं असतं तर निर्मात्याने हाकलून दिलं असतं. पण त्या डब्यानेच मला सोडवलं. पैसा दिसत नसेल तर चाव्या दिसू देत. चाव्या म्हणजे कागदावरचे बारा शब्द, त्यांच्यातूनच वॉलेटच्या सगळ्या चाव्या तयार होतात.

आर्ट सांभाळणाऱ्या मुलीने तो कागद फार सुंदर केला. घडीवर मळलेला, एका कोपऱ्यात शाई फुटलेली. शब्द मात्र तिने मनाने लिहिले होते, त्यात 'मर्डर' होता, 'डार्कनेस' होता. मित्र पोट धरून हसला. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतूनच येतात, 'अबँडन'पासून 'झू'पर्यंत. शिवाय यादीतले कुठलेही बारा उचलून भागत नाही. शेवटच्या शब्दात आधीच्या सगळ्यांची पडताळणी दडलेली असते, त्यामुळे मनाने निवडलेले बारा शब्द सोळांत एकदाच जमून येतात. प्रेक्षकांत एक तरी असा असणार, जो हे तपासून बघेल.

मग खरं वॉलेट तयार केलं आणि बारा खरे शब्द काढले. आता वेगळीच भीती: ते पडद्यावर दिसले, की वॉलेट बघणाऱ्याचंही झालं. मी तोडगा काढला. नट कागद धरताना अंगठा शेवटच्या शब्दावर ठेवेल. अकरा दिसतील, बारावा नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. (यादीत 'थंब' हाही शब्द आहे. तो बारावा असता तर काय मजा आली असती.)

"अकरा क्रमाने दिसले तर बाराव्याला १२८ शक्यता उरतात," मित्र म्हणाला. "२०४८ नाही. पडताळणीच बाकीचे गाळून टाकते. प्रोग्रॅमला डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढाही वेळ लागणार नाही."

मी दोन दिवस वैतागलो. मग तीच सिनेमाची कळ झाली: नायक कागदाचा फोटो पाठवतो, अंगठा आहे म्हणून निश्चिंत झोपतो. अख्ख्या पटकथेत मला मनापासून आवडलेली ही एकच जागा, आणि ती माझी नाही.

शेवटही असाच सापडला. पाठलाग हवा होता, पण पळणार कोण? व्यवहार पाठवला, तरी तो ब्लॉकमध्ये, म्हणजे त्या वहीच्या पुढच्या पानावर, जाईपर्यंत लटकत असतो. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो. सरासरी, बरं का. कधी मिनिटात येतो, कधी पाऊण तास येत नाही, आणि पुढचा कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. तोवर तीच नाणी ब्लॉक बनवणाऱ्यांना जास्त फी देऊन दुसरीकडे वळवता येतात, फक्त चावी हवी. आता चावी दोघांकडे आहे. चोर पाठवतो, नायक जास्त फी लावून स्वतःच्या नव्या पत्त्यावर खेचतो, चोर आणखी वाढवतो. फी जाते त्याच नाण्यांतून. जिंकेल त्याच्या हाती किती उरणार, हे दर बोलीला कमी होत जातं. दोन माणसं, दोन खोल्या, खुर्चीतून कुणी उठत नाही. तो सीन मी एका रात्रीत लिहिला.

शूटिंगबद्दल थोडंच सांगतो. आकडे खरे दिसावेत म्हणून आम्ही टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या जाळ्यावर, बिनमोलाची नाणी त्याच वॉलेटमधून खरोखर फिरवली. लॅपटॉपचा पडदा कॅमेऱ्यात लहरी मारायचा. नटाच्या चष्म्यात अख्खं युनिट दिसायचं, म्हणून काचाच काढून टाकल्या. नीट बघितलंत तर एका शॉटमध्ये तो चष्म्याच्या आत बोट घालून डोळा चोळतो. एडिटरने सांगूनही तो शॉट मी ठेवला, कारण बाकीच्या कुठल्याच टेकमध्ये तो एवढा थकलेला वाटत नव्हता.

पहिला कट ओळखीच्या सात जणांना दाखवला. पाऊण तासाने एकाने विचारलं, "अरे, पण तो कस्टमर केअरला फोन का लावत नाही?" मी समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी नायकाच्या बहिणीच्या तोंडी ते वाक्य घातलं. नायक काही बोलत नाही, नुसता तिच्याकडे बघतो. ब्लॉकचेनवरची तीन मिनिटांची निवेदनं मी तिथेच कापली.

सिनेमा फार चालला नाही. चालेल असं वाटलंही नव्हतं. प्रदर्शनानंतर नवव्या दिवशी एका अनोळखी प्रेक्षकाचा मेल आला. मजकुरात एकच शब्द होता, आमचा बारावा. मी टेस्टनेटवर जाऊन वॉलेट उघडलं. शिल्लक शून्य. शेवटच्या व्यवहाराला त्याने सगळ्यात कमी फी लावली होती. घाई नव्हतीच त्याला.